ओरखडा लहान असतानाच

सदर : घर आणि दुकान

सुमारे अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर साड्यांचा विभाग आहे. इमारत जुनी, माडीची जमीन तक्तपोशीची. फळ्यांमधील फटी झाकाव्यात म्हणून वडिलांनी तिच्यावर सागवानी रंगाची व्हिनाईलची चादर अंथरून घेतली होती. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आम्ही लोखंडी कपाट उचलण्याऐवजी ओढले. जमिनीवर हातभर लांबीचा ओरखडा उठला आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यापाशी चादरीची कड किंचित वर आली. हंगाम तोंडावर होता. आम्ही त्या कडेवर खाकी चिकटपट्टी लावली आणि ‘पुढच्या वर्षी सगळीच जमीन नवी करू’ असे म्हणून विषय संपवला.

पुढचे वर्ष उजाडण्यापूर्वीच, लग्नसराईत, आमच्याकडे तीन पिढ्यांपासून येणाऱ्या एका घरातील आजींचा पाय त्याच कडेत अडकला. त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट दीड महिन्याने, हाताचे प्लॅस्टर नुकतेच निघालेले असताना, नातीच्या लग्नाचा राहिलेला बस्ता बांधायला त्या पुन्हा आमच्याकडेच आल्या. जिना चढताना मात्र त्यांनी माझा हात धरला आणि माडीवर आल्यावर पहिली नजर जमिनीवर टाकली. ती नजर मी विसरलेलो नाही.

त्या रात्री दुकान वाढवताना वडील मला एवढेच म्हणाले, ‘‘माल पाहायला आलेल्या माणसाची नजर वर असते, जमिनीवर नसते. जमिनीकडे पाहायचे काम दुकानदाराचे. ते तू केले नाहीस.’’

यात उत्तर देण्यासारखे काही नव्हते. त्यानंतर एका वृद्ध मिस्त्रींना बोलावून ती जमीन त्यांच्या हाताखाली बसून मी स्वतः दुरुस्त केली, आणि पुढे घरातील, दुकानातील व नातेवाइकांकडील अशा अनेक जमिनी दुरुस्त करत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते या वेळच्या सदरात मांडत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानांत, कार्यालयांत, भाड्याच्या सदनिकांत अशीच चादर अंथरलेली असते, आणि तिच्या बाबतीत आपण सर्वजण ‘पुढच्या वर्षी’ असेच म्हणत असतो.

पायाखाली नेमके काय आहे?

दुरुस्तीपूर्वी वस्तूची ओळख करून घ्यावी. बाजारात गुंडाळीतून मिळणाऱ्या कोणत्याही जमिनीच्या आवरणाला आपण सरसकट ‘लिनोलियम’ म्हणतो. प्रत्यक्षात लिनोलियम आणि व्हिनाईल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला अपाय ठरू शकतो.

लिनोलियमचा शोध इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात लावला. जवसाच्या तेलापासून केलेल्या रंगावर हवेमुळे रबरासारखी साय धरते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्या सायीतून ही वस्तू जन्माला आली. जवसाचे तेल, झाडांची राळ, बुचाचा व लाकडाचा भुसा आणि खनिज रंग यांचा लगदा तागाच्या कापडावर लाटून ते तयार करतात. नावातही लॅटिन भाषेतील जवस आणि तेल हेच दोन शब्द दडलेले आहेत. व्हिनाईल हे मात्र प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी. मुळात कडक असलेल्या या प्लॅस्टिकला लवचीक करण्याची रीत अमेरिकेतील वॉल्डो सेमन यांनी १९२६मध्ये शोधली आणि पुढील काही दशकांत स्वस्त व्हिनाईलने लिनोलियमला बाजूला सारले. आज आपल्या बाजारपेठेत ‘लिनोलियम’ म्हणून मागितले तरी हाती येते ते बहुधा व्हिनाईलच.

दोहोंतील फरक त्यांच्या कडेवरून समजतो. लिनोलियमचा रंग वरपासून खालपर्यंत सलग असतो आणि पाठीला तागाचे विणकाम दिसते. व्हिनाईलच्या चादरीत मध्ये छापलेली नक्षी, तिच्यावर पारदर्शक संरक्षक थर आणि खाली फेस किंवा नमद्यासारखा थर असतो. घरगुती चादरीची एकूण जाडी बहुधा १ ते २ मिलिमीटर असते, आणि तो पारदर्शक थर त्याचाही लहानसा अंश. तो थर जोवर शाबूत आहे तोवर जमीन शाबूत आहे. ओरखडा त्याच्यापलीकडे जाऊन नक्षीपर्यंत पोहोचला की तेथे नुसते घासून काहीही परत येत नाही.

डाग आणि बारीक रेघा

जमिनीवर दिसणारी प्रत्येक काळी रेघ म्हणजे ओरखडा नव्हे. पुष्कळदा तो बुटाच्या तळव्याचा किंवा खुर्चीच्या चाकाचा वर राहिलेला थर असतो. प्रथम साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवून पाहावे. न गेल्यास कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ कापडाने पुसावे व लगेच कोरडे करावे. तारेची घासणी, घासण्याची पूड, थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे द्रावण यांना जवळ येऊ देऊ नये. पहिल्या दोहोंमुळे संरक्षक थर खरवडला जातो, तर शेवटच्या दोहोंमुळे व्हिनाईलचा पृष्ठभाग विरघळतो.

खरे लिनोलियम असेल तर धुण्याचा सोडा आणि अमोनियायुक्त द्रवही टाळावेत. लिनोलियमचा जीव जवसाच्या तेलात आहे, आणि क्षाराने तेलाचा साबण होतो. सोड्याने नित्य पुसलेले लिनोलियम काही काळाने निस्तेज व ठिसूळ होते. पाणीही बेताचेच वापरावे; तागाच्या पाठीत ओल शिरली की कडा वळतात. याच लिनोलियमचा आणखी एक स्वभाव माहीत असावा. कपाटाखाली, अंधारात राहिलेला भाग पिवळसर पडतो. कपाट हलवल्यावर तो डाग वाटतो आणि लोक घासत बसतात. त्याला काही दिवस उजेड मिळू द्यावा. तो पिवळेपणा आपोआप ओसरतो.

आता ओरखड्याची परीक्षा. त्याच्यावर नख आडवे फिरवावे. नख अडखळले नाही तर ओरखडा वरच्या थरातच आहे. जागा धुऊन पूर्ण वाळवावी आणि अशा जमिनीसाठी मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक पॉलिशचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. खोबरेल तेल चोळण्याची घरगुती रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. तेलाने रेघ तासाभरापुरती लपते, पण त्यावर धूळ धरते आणि जमीन निसरडी होते. मोटारीच्या मेणाचेही तेच. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, तेथे चमक मिळवण्यासाठी पायाखालचा आधार घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

नखाला लागणारा ओरखडा

नख अडखळत असेल तर ती खाच भरावी लागते. लिनोलियमची खाच भरणे सोपे, कारण त्याचा रंग आरपार असतो. उरलेल्या तुकड्याची कड पात्याने खरवडून बारीक भुकटी काढावी, पारदर्शक वाळणाऱ्या गोंदात ती कालवून कणकेसारखी लापशी करावी आणि खाचेत दाबून भरावी. खाचेच्या दोन्ही बाजूंस कागदी पट्टी चिकटवली म्हणजे गोंद आजूबाजूला पसरत नाही. एक दिवस वाळू द्यावे आणि अगदी बारीक पॉलिशपेपरने हलकेच सपाट करावे. नीट साधले तर जागा शोधावी लागते.

व्हिनाईलमध्ये ही युक्ती पूर्णपणे साधत नाही, कारण नक्षी केवळ एका थरात छापलेली असते. तेथे फरशीच्या दुकानात मिळणारा व्हिनाईलचा सांधा जोडण्याचा पातळ द्रव उपयोगी पडतो. हा द्रव गोंदासारखा चिकटत नाही. तो कापलेल्या दोन्ही कडा किंचित विरघळवून एकमेकींत मिसळवतो. म्हणूनच तो थेंबाथेंबाने, केवळ चिरेतच सोडावा. बाजूंना पट्टी अवश्य लावावी. त्याच्या वाफा उग्र व ज्वालाग्राही असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ दिवा, उदबत्ती अथवा शेगडी पेटती नसावी.

येथे माझी एक चूक सांगतो. हा द्रव मिळाला नाही म्हणून मी एकदा प्लंबरकडील, नळ जोडण्याचे सोल्यूशन बोटाने ओरखड्यावर फासले. ओरखडा भरला, परंतु आजूबाजूची चार बोटे नक्षी विरघळून तेथे कायमचा चकचकीत व्रण उमटला. जेथे रेघ होती, तेथे मला पुढे ठिगळ लावावे लागले. घाईची दुरुस्ती मूळ नुकसानापेक्षा महाग पडते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

ठिगळ

इस्त्रीचा चटका, पडलेल्या कात्रीचे भोक, कपाटाच्या पायाने फाटलेला भाग यांना ठिगळाशिवाय गत्यंतर नाही. ठिगळ लपते की उठून दिसते, हे गोंदावर कमी आणि कापण्यावर अधिक अवलंबून असते.

खराब भागापेक्षा प्रत्येक बाजूने दोन-तीन बोटे मोठा असा नवा तुकडा घ्यावा आणि तो नुकसानीवर ठेवून नक्षीशी नक्षी तंतोतंत जुळवावी. तो हलू नये म्हणून कागदी पट्टीने घट्ट बसवावा. नंतर लोखंडी पट्टी धरून धारदार नव्या पात्याने दोन्ही थर एकदमच कापावेत. असे एका कापात दोन्ही तुकडे कापल्याने भोक आणि ठिगळ एकाच मापाचे होतात. वेगवेगळे कापल्यास केसाएवढी फट राहतेच. नक्षीत फळ्यांच्या किंवा चौकोनी फरश्यांच्या रेघा असतील तर काप त्या रेघांवरूनच न्यावा, म्हणजे सांधा नक्षीत हरवतो. पाते कापणाऱ्याच्या हातापासून दूर जाईल असे धरावे, आणि लहान मुलांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावे.

खराब तुकडा काढल्यावर खालचा वाळलेला गोंद खरवडून, जागा झाडून कोरडी करावी. व्हिनाईलच्या फरशीसाठी म्हणून मिळणारा गोंद पातळ व सारखा पसरावा. लाकडाचा पांढरा गोंद येथे वापरू नये. त्यातील पाणी उडून जायला वाट लागते, आणि प्लॅस्टिकखाली ती मिळत नाही. ठिगळ बसवून मध्यापासून कडांकडे दाब देत जावे. आमच्या मिस्त्रींनी त्यासाठी स्वयंपाकघरातून लाटणे मागवले होते. मीही आजवर दुसरे साधन वापरलेले नाही. वर आलेला गोंद ओल्या फडक्याने तत्काळ टिपावा, वर मेणकागद आणि त्यावर सपाट फळी ठेवून वजन द्यावे. दुकानातल्या जुन्या तराजूची ५ किलोची वजने अडगळीत पडलेली असतील, तर त्यांना हे काम शोभते. एक दिवस वजन हलवू नये. दुसऱ्या दिवशी सांध्यावर पूर्वी सांगितलेला जोडद्रव सोडला म्हणजे पाणी आत जात नाही.

उरलेला तुकडा जपून ठेवलेला नसेल, तर कपाटाखालचा किंवा भिंतीतल्या फडताळाआडचा भाग कापून घ्यावा आणि तेथे दुसरा कोणताही तुकडा बसवावा. त्याचा रंग वापराने फिकटलेल्या जमिनीशी थोडा वेगळा वाटेल, पण नव्या गुंडाळीतील तुकड्यापेक्षा अधिक जवळचा असेल.

फुगा आणि उचललेली कड

चादर मध्येच फुगली असेल तर नक्षीच्या रेघेवर पात्याने लहानशी चीर द्यावी, आतली हवा दाबून काढावी, औषधाच्या दुकानातील सिरिंजने गोंद आत सोडावा आणि लाटण्याने दाबून वजन ठेवावे. चादर ताठ झालेली असेल तर केस वाळवण्याचे यंत्र वीतभर अंतरावरून फिरवून ती मऊ करावी. गरम इस्त्री मात्र टेकवू नये. चादर आकसते, पिवळी पडते आणि मग ठिगळाचेच काम निघते.

कड उचललेली असेल तर पहिला प्रश्न, ती का उचलली, हा असावा. आमच्या माडीवरची चिकटपट्टी दर पंधरा दिवसांनी सुटत होती आणि दर वेळी आम्ही नवी लावत होतो. मिस्त्रींनी कड उलटून दाखवली, तेव्हा तक्तपोशीचा एक खिळा अर्धा सूत वर आलेला दिसला. कपाटाने कड सोडवली होती, हे खरे. पण तिला रोज खालून टोचून वर ढकलणारा तो खिळा होता. हातोडीच्या दोन ठोक्यांचे काम होते. खिळा बसवला, धूळ झाडली, चादर गरम करून मऊ केली, गोंद लावून रात्रभर वजने ठेवली. आज अकरा वर्षे झाली, ती कड पुन्हा वर आलेली नाही. सामानाचा सगळा खर्च त्या काळी दोनशे रुपयांच्या आत होता. आजींच्या मनगटाशी तो तोलून पाहिला की अजूनही मान खाली जाते.

तळमजल्यावर कड सुटण्याचे कारण बहुधा ओल हे असते. खात्री करायची तर चादर उचलून उघड्या जमिनीवर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी पट्टीने घट्ट बंद करावा. एक दिवसानंतर आतल्या बाजूस पाण्याचे बारीक थेंब दिसले किंवा खालची जमीन गडद झाली, तर ओल खालून येत आहे. अशा वेळी गोंद कितीही भारी आणला तरी तो सुटणारच. आधी ओलीचा बंदोबस्त करावा. अशा चादरीखाली बुरशी वाढते, मुंग्या आणि किडे आसरा घेतात. पुढे त्यांच्यावर औषध फवारण्याची वेळ येते. जीवोत्पत्ती होऊच नये अशी जागा कोरडी राखणे, हीच आपल्या घरांत शिकवलेली रीत आहे. पावसाळ्यात मोठे काम काढू नये. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम.

सामान घेताना आणि हात घालण्यापूर्वी

वाचकांपैकी काहींना हा मुद्दा महत्त्वाचा वाटेल. ओरखडे भरण्याच्या काही कांड्यांत व पॉलिशमध्ये मधमाशांचे मेण असते. सुतारांचा जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. लाखही कीटकांपासूनच मिळते. या प्रत्येकाला पर्याय आहे. अ‍ॅक्रिलिक पॉलिश, कृत्रिम गोंद आणि ताडवर्गातील झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण यांनी काम तेवढेच चांगले होते. घटक वाचून किंवा दुकानदाराला विचारून घ्यावे.

दुसरी सूचना सुरक्षिततेची. काही दशकांपूर्वीपर्यंत व्हिनाईलच्या टणक चौकोनी फरश्यांत आणि काही चादरींच्या पाठीत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळण्याची पद्धत होती. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतात. फरशी शाबूत असेपर्यंत धोका अल्प असतो. ती फोडताना, खरवडताना किंवा घासताना तो वाढतो. जुन्या इमारतीत अशी फरशी असेल, किंवा आपली मुले-मुली अमेरिका-इंग्लंडमध्ये १९८०पूर्वीच्या घरात राहत असतील, तर त्यांनी ती स्वतः घासू वा उखडू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

आणि दुरुस्ती कोठे थांबवावी, हेही ठरवावे. रहदारीच्या वाटेवरची नक्षीच सगळीकडे झिजली असेल, किंवा चादर जागोजागी तडकत असेल, तर ठिगळांवर ठिगळे लावण्यात अर्थ नाही.

नव्या ओरखड्यांना वाव न देणे तर सर्वांत स्वस्त. कपाटे, टेबले यांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे लावावेत. तिजोरी किंवा कपाट हलवताना ओढू नये. उचलावे, अथवा खाली प्लायवूड टाकून त्यावरून सरकवावे. व्हिनाईलवर रबरी पाठीचे पायपुसणे टाकू नये. रबरातील द्रव्य चादरीत उतरून पिवळा-तपकिरी डाग पडतो, आणि तो निघत नाही. काथ्याचे किंवा सुती पायपुसणे ठेवावे. नवी जमीन घालून घ्याल तेव्हा वार-दीड वार तुकडा मागून घ्यावा आणि घडी न घालता सैल गुंडाळून, बिलासह कोरड्या जागी ठेवावा.

व्यापारी माणूस रोज रात्री गल्ला मोजतो, कुलूप दोनदा ओढून पाहतो. त्यात आणखी दोन मिनिटांची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. दुकान वाढवण्यापूर्वी अनवाणी पायांनी एकदा सगळ्या जमिनीवरून चालावे. डोळ्यांना न दिसणारी कड तळव्याला लागते. आमच्याकडे वडील होते तोवर ते हे काम करीत, आता मी करतो. त्या आजी मागच्या अक्षय्य तृतीयेला पणतीसाठी साडी घ्यायला आल्या होत्या. या वेळी जिना चढून आल्यावर त्या खाली न पाहता थेट साड्यांच्या गादीकडे गेल्या.